पावसात ती गाडी का काढतेस? तुम्ही विचारलंत म्हणून

आभाळ भरून आलं आणि मी किल्ली उचलली की कुठून तरी प्रश्न येतोच, ह्या पावसात ती गाडी? एवढं होऊनही? विचारणाऱ्यांना त्या संध्याकाळच्या अपघाताचं माहीत असतं, म्हणून मी आजवर "जपून जाते" एवढं बोलून विषय मिटवत आले. पण गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात चौघांनी विचारलं आणि त्यातला एक माझा धाकटा भाऊ होता. त्याला "जपून जाते" हे उत्तर देता येत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहिते, पटलं नाही तरी चालेल, पण मी काय विचार करून गाडी बाहेर काढते ते तरी कळू दे.

गाडी तुम्हाला माहितीय, माझदा एमएक्स-५, १९८९ साली जी पहिली आली त्याच पिढीतली. वजन साधारण टनभर, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. माझ्या गाडीत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही, ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) तर नाहीच, ते मुळात १९९५ मध्ये मर्सिडीजमध्ये पहिल्यांदा आलं. म्हणजे घसरली तर सावरायला माझे हात-पाय, बाकी कुणी नाही. तुम्हाला ह्याचीच भीती वाटते आणि ती चुकीची आहे असं मी म्हणत नाही.

पण "कव्हर घालून ठेव" हे मला खरंच पटत नाही. ज्या रस्त्यावर मी ७० ने जात असते त्याच रस्त्यावर शेजारून ११० ने मोठ्या गाड्या पाणी उडवत जातात, टायर पार गोटा झालेले, आणि त्यांना कुणी काही विचारत नाही कारण त्या उंच आहेत, आत ईएसपी आहे. ईएसपी एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ ठेवायचा प्रयत्न करतं, पण रस्ता आणि रबर यांच्यात पकडच नसेल तर तेही काय करणार? फोर व्हील ड्राइव्ह घे म्हणणाऱ्यांनाही तेच सांगते. १९८० मध्ये आउडीची क्वात्रो आली आणि बर्फा-मातीतल्या रॅलींचं चित्रच पालटलं, मान्य, पण तो फायदा जोर लावताना. थांबताना चारही चाकांना ब्रेक सगळ्याच गाड्यांत असतो, तिथे सगळे सारखे. असो.

आता मूळ गोष्ट. ती गाडी त्या दिवशी फिरली ती पावसामुळे फिरली असं तुम्ही सगळे समजता. मीही बरेच दिवस तसंच सांगत होते.

तेव्हा मी गाडी ट्रॅकवर न्यायचे. कोरड्या ट्रॅकवर. आणि कोरड्यासाठी जे जे करता येतं ते सगळं केलं होतं. कंपनीची १८५ मिलिमीटरची अरुंद टायर काढून २२५ ची रुंद बसवली, जवळजवळ रेसिंगचीच, रबर मऊ आणि खाचा कमी. गाडी दोन इंच खाली घेतली, स्प्रिंगा कडक, शॉकअप कडक. मागचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी झुकू न देणारा दांडा, जाड घातला, का तर गाडी वळायला आळशी वाटायची, शेपूट जरा सैल हवी होती. मागच्या चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल टू-वे एलएसडी प्रकारचं बसवलं, म्हणजे रेस दिली तरी आणि सोडली तरी मागची दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. ब्रेक पॅड रेसिंगचे, जे गरम होईपर्यंत धड धरतच नाहीत. ह्यातली प्रत्येक गोष्ट मी वाचून, विचारून, मापून केली होती, आणि कोरड्यात ती गाडी इतकी सुंदर चालायची की मला अजूनही त्याचा पश्चात्ताप नाही. तेव्हाच्या मला कुणी टोकलं असतं तर मी भांडलेच असते, की रुंद टायर म्हणजे जास्त रबर आणि जास्त रबर म्हणजे जास्त पकड, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

त्या दिवशी ट्रॅकवरून परत येत होतो, भाऊ शेजारी. निघताना पाऊस सुरू झाला म्हणून मी टायरमधली हवा कमी केली, २६ वरून २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). कुणीतरी सांगितलं होतं की ओल्यात हवा कमी ठेवली की टायर जास्त टेकतं. वाळूत हे खरं आहे. साचलेल्या पाण्यात बरोबर उलटं आहे, पण मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि गुडघे टेकून चिखलात बसून मी चारही व्हॉल्व्हमधून हवा सोडत होते तेव्हा मला आपण किती काळजी घेतोय असं वाटत होतं.

पाऊस थांबला. रस्ता बराचसा निथळला होता, मधे मधे पट्टे चमकत होते. मीटरवर ८०. कापडी छताखाली आतून काच धुकटत होती, भाऊ दर दोन मिनिटांनी बाहीने पुसत होता. चाकांच्या कमानीत पाण्याचा आवाज येतो ना, वाळू फेकल्यासारखा, तो सारखा चालू होता. मग भाऊ म्हणाला, "ताई, आवाज बदलला."

खरंच बदलला होता. वाळूच्या जागी एकदम घोंघाट, गाडीच्या तळावर कुणी नळी सोडावी तसा. त्याला ऐकू आला, मला नाही, मी पुढचं वळण बघत होते. उजवीकडे जाणारं लांबलचक, सोपं वळण, रोज कितीतरी लोक एका हाताने घेत असतील. मी स्टिअरिंग वळवलं आणि ते हलकं लागलं. कसं सांगू, गाडी जॅकवर असताना स्टिअरिंग फिरवलं तर लागतं तितकं हलकं. गाडी वळेना. म्हणून मी अजून वळवलं. तरी वळेना. आणि मग मी घाबरून रेसवरचा पाय पूर्ण उचलला.

पुढे जे झालं ते मी नंतर शंभर वेळा मांडून बघितलंय म्हणून नीट सांगू शकते, तेव्हा सगळं मिळून दोन सेकंदांचं असेल. पुढची चाकं पाण्यावर तरंगत होती. पाण्याचा पट्टा संपला आणि त्यांना डांबर सापडलं, पण तोवर मी स्टिअरिंग गरजेपेक्षा कितीतरी जास्त वळवून ठेवलं होतं, त्यामुळे नाक झटक्यात आत गेलं. मागची चाकं अजून पाण्यात होती. पाय उचलल्यामुळे वजन पुढे गेलं, मागचं टोक हलकं झालं, एलएसडीने दोन्ही चाकं बांधून एकदम ओढली आणि शेपूट सैल करायला मीच घातलेल्या त्या जाड बारने आपलं काम चोख केलं. शेपूट निघाली. मी उलटं स्टिअरिंग मारलं, उशीर झाला होता. गाडी आडवी होऊन लोखंडी कठड्यावर गेली, भाऊ बसला होता ती बाजू पुढे.

आवाज थांबल्यावर पहिलं वाक्य त्याचंच होतं. "ताई, वायपर चालू आहेत अजून." कोरड्या काचेवर वायपर करकरत होते आणि मला ते बंद करायचं बटण सापडेना. त्याची कॉलरबोन मोडली होती, हे त्याला स्वतःलाही दहा मिनिटांनी कळलं. बाकी कुणाला काही नाही.

नंतर एक सूत्र वाचनात आलं. १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या चाकांवर प्रयोग करून काढलेलं: पीएसआयमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ घ्या, १०.३५ ने गुणा, जो आकडा येईल ताशी तितक्या मैलांच्या वेगाला टायर साचलेल्या पाण्यावर तरंगायला लागतं. २२ पीएसआयला ते येतं ताशी ७८ किलोमीटर. २६ ला ८५. मी ८० ला होते. हे सूत्र ढोबळ आहे हे मला माहितीय, खोल खाचांचं टायर पाणी बाहेर फेकतं आणि जास्त वेगापर्यंत टिकतं, पण माझ्या खाचा दोन मिलिमीटरसुद्धा नव्हत्या आणि रुंद टायरखालचं पाणी बाजूला निसटायला लांब जावं लागतं ते वेगळंच. कागदावर ते ७८ लिहिलं आणि किती तरी वेळ तशीच बसून राहिले. म्हणजे पाऊस तर होताच, पण पावसात तरंगणारी गाडी मी बनवली होती, एकेक पाना फिरवून.

म्हणून तुम्ही जेव्हा म्हणता "आता पावसासाठी काय काय बसवलंस?", तेव्हा उत्तर असं की बहुतेक काढलंच. टायर परत १८५ ची, पावसाची, खोल खाचांची. बऱ्याच देशांत कायदा १.६ मिलिमीटर खाचांपर्यंत चालवून घेतो, मी ४ वर बदलते. हवा २८. गाडी पुन्हा वर घेतली, स्प्रिंगा मऊ. ह्यावर लोक नाक मुरडतात, पण मऊ गाडी झुकते आणि झुकताना आधी सांगते, कडक गाडी शेवटपर्यंत गप्प राहते. मागचा बार काढूनच टाकला. टू-वेच्या जागी टॉर्सन नावाचं डिफरन्शियल, ते इतकं झटक्यात बांधत नाही. मागची चाकं किंचित आत वळलेली ठेवलीत, सरळ जाताना शेपूट स्थिर राहते. पॅड साधे, थंड आणि ओल्या डिस्कलाही पहिल्या दाबात धरणारे. आणि काचेवरची वाफ घालवणारा पंखा नीट करून घेतला, ज्याला मी इतकी वर्षं मॉडिफिकेशनमध्ये धरतच नव्हते. बर्फाचं विचारणाऱ्यांना एवढंच सांगते की सात अंशांच्या खाली ही टायरसुद्धा दगड होतात, तिथे हिवाळी टायरच हवीत.

आणि शिकले. ओल्या केलेल्या मोकळ्या मैदानावर, ३०-४० च्या वेगाने, दिवसभर गाडी फिरवायची. तिथे पहिल्यांदा कळलं की पाय उचलणं हीसुद्धा एक कृती आहे, ब्रेक मारण्याइतकीच. स्टिअरिंग हलकं झालं की अजून वळवायचं नाही, तसंच धरायचं, रेस हळूहळू कमी करायची आणि वाट बघायची. हे वाट बघणं फार अवघड आहे. साडेतीनशे वेळा केलं तरी पोटात गोळा येतो.

आता प्रामाणिकपणे. नुसती सुरक्षितता हवी असती तर मी त्या दिवशी घरी बसले असते, बरोबर आहे तुमचं. मला पावसात ही गाडी चालवायला आवडतं. कोरड्यात तिची हद्द जिथे लागते तो वेग रस्त्यावर गाठण्यासारखा नसतो, ओल्यात तीच हद्द ४० ला हाताशी येते, प्रत्येक टायर काय करतंय ते कमरेतून कळतं. "तू काय सेन्ना आहेस का" म्हणणाऱ्यांना फॉर्म्युला वनच्या त्या ड्रायव्हरची १९९३ ची, इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या ओल्या ट्रॅकवरची पहिली फेरी आठवत असते, पाचव्यावरून पहिला. मी ती बघते तेव्हा मला त्याचं धाडस दिसतच नाही, इतरांहून वेगळ्या जागेतून तो गाडी नेतो आणि हात किती शांत असतील ते दिसतं.

पण ह्या आवडीला भावाच्या खांद्यापुढे किती किंमत आहे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं मी शिकले म्हणून आता जास्त सुरक्षित आहे. कधी वाटतं हवा सोडतानाही मला असंच वाटत होतं.

त्याने गेल्या महिन्यात विचारलं तेव्हा बाहेर पाऊस होता आणि गाडी दारात. मी वरचं सगळं सांगायला सुरुवात केली, टॉर्सन वगैरे. त्याने ऐकून घेतलं, मग जाऊन मागच्या टायरपाशी उकिडवा बसला, खाचेत नख घालून बघितलं. "किती आहे?" म्हणाला. मी म्हटलं, साडेसहा. तो उठला, हात पँटला पुसला आणि म्हणाला, "तू जाऊन ये. मी आज बसत नाही."

मी गेले.