श्रावणात गांधी उठल्या नाहीत, शिंका थांबल्या नाहीत

घरचे कोंबडी-वडे मला बाधत नसत. बाहेरची तंदुरी खाल्ली की मात्र वीस मिनिटांत ओठ जड व्हायचे, अंगावर गांधी उठायच्या. सासूबाई म्हणायच्या, "पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव." मी लावायचे. खाज ओसरायची आणि आम्ही हॉटेलच्या रंगाला, मसाल्याला दोष द्यायचो. चाळिशीपर्यंत कोंबडी मजेत खाल्लेली, तिच्यावर संशय कोण घेणार?

मग श्रावण आला. आमच्याकडे महिनाभर सामिष बंद, अंडंही नाही. महिन्याभरात एक गांध उठली नाही. सकाळच्या शिंका आणि छातीतली घरघर मात्र तशीच. हे मी वहीत लिहून ठेवलं.

घाबरून एका लॅबमध्ये रक्त दिलं. दूध, गहू, तूर, सगळ्यासमोर लाल खुणा! तीन आठवडे मी जवळजवळ उपाशी राहिले. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला. त्यात आयजीजी हे रक्तातलं प्रतिपिंड मोजलं होतं. ते वाढलेलं असलं तर तुम्ही तो पदार्थ खाता, एवढंच कळतं. अ‍ॅलर्जीसाठी आयजीई हे वेगळं प्रतिपिंड बघावं लागतं. त्या तीन आठवड्यांचा मला अजून राग येतो.

वही वाचून डॉक्टरांनी विचारलं, "घरात पक्षी आहेत का?"

बाल्कनीत सहा वर्षं लव्हबर्डची जोडी होती. पिंजरा मीच झाडायचे.

त्वचेवरच्या चाचणीआधी आठवडाभर सेटिरिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी बंद केली. डब्यातून कच्चा बलक आणि कच्च्या कोंबडीचा तुकडा नेला. सुई आधी त्यात टोचायची, मग हातावर. पंधरा मिनिटांनी पिसं, बलक आणि कोंबडी, तिन्ही जागा फुगल्या. ३ मिलिमीटरचा फुगवटाही अ‍ॅलर्जीची खूण धरतात, माझे त्याहून मोठे होते. अंड्याच्या पांढऱ्यावर काहीच नाही. रक्तात 'गॅल डी ५' विरुद्धचं आयजीई सापडलं.

गॅल डी ५ म्हणजे कोंबडीच्या रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन. तेच बलकात आणि मांसातही असतं, आणि इतर पक्ष्यांचं अल्ब्युमिन त्याच्यासारखंच. पिंजऱ्याची धूळ श्वासातून जाऊन माझं शरीर आधी त्याच्यावर उलटलं, खाण्याचा त्रास नंतर आला. उष्णतेने हे प्रथिन बरंचसं मोडतं. म्हणून रटरटलेला रस्सा आणि कडक उकडलेलं अंडं चालायचं. हाफ-फ्राय आणि हाडाशी कच्ची राहिलेली तंदुरी नाही. काहींना थेट मांसाचीच अ‍ॅलर्जी असते. त्यातली काही प्रथिनं शिजवूनही टिकतात, म्हणून घरी चाखून बघू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. टर्कीही बंद केली.

पाकिटांवर अंडं, मासे अ‍ॅलर्जीच्या सूचनेत येतात, कोंबडी त्या सक्तीच्या यादीत नाही. म्हणून आता घटकांची सगळी ओळ वाचते, आणि हॉटेलात सूपचा स्टॉक कशाचा ते विचारते. पर्समध्ये अ‍ॅड्रेनलीन, म्हणजे जोराची अ‍ॅलर्जी उठली तर टोचायचं औषध, असतं. ते मांडीत बाहेरच्या बाजूला कसं टोचायचं, हे नवऱ्याने आणि सासूबाईंनी शिकून घेतलंय.

जोडी भाच्याकडे गेली. त्या दिवशी मी खूप रडले. हळूहळू घरघर थांबली. पुढच्या महिन्यात रुग्णालयात, डॉक्टरांसमोर, पूर्ण शिजलेल्या कोंबडीचा पहिला घास घ्यायचा आहे.