जेवणाची सुट्टी

जपानमध्ये इंग्रजी शिकवायला आल्यापासून मला शाळेतला सगळ्यात आवडता तास कुठला, असं विचाराल तर जेवणाचा! इथे प्राथमिक शाळेत शिक्षकही वर्गातच, मुलांच्या पंगतीत बसून तेच जेवतात. आज मी चौथीच्या वर्गात होते. वाढपी मुलंच. पांढरे अ‍ॅप्रन, टोप्या, तोंडाला मास्क. सूप वाढणारी चिमुरडी दर वेळी पळी पार तळापर्यंत नेऊन ढवळत होती, प्रत्येकाच्या वाटीत भाज्या याव्यात म्हणून. रांग खोळंबली, पण तिने घाई केली नाही आणि कुणी तिला घाई करायलाही लावली नाही. किती कौतुक वाटलं! सगळ्यांचं वाढून झाल्यावर एका सुरात 'इतादाकिमास' (जेवणाआधी कृतज्ञतेने म्हणायचा जपानी शब्द), मगच पहिला घास. उरलेलं दूध कुणाचं, हे दगड-कागद-कात्री खेळून ठरलं.

इथे शालेय भोजनाचा कायदा १९५४ सालचा. जेवण हा शिक्षणाचाच भाग मानतात, आणि मला ते मनापासून पटतं. वर्गात इंग्रजीत तोंड न उघडणारी मुलं जेवताना माझ्याशी भरभरून बोलतात, निम्मं हातवाऱ्यांनी.

उद्या पाचवीचा वर्ग. माझ्या शेजारी कोण बसणार, यावरून तिथे आजच वाद सुरू झालेत.