तीन चेंडूंचं खेळणं

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि घरी येताना औषधांच्या पिशवीत एक प्लास्टिकचं खेळणं आलं, श्वासाच्या व्यायामाचं स्पायरोमीटर, तीन कप्पे, तीन रंगीत चेंडू, एक नळी. आता नळी दिसली की माणूस फुंकणारच. आईने फुंकलं, मी फुंकलं, चेंडू ढिम्म! शेवटी फिजिओवाली मुलगी म्हणाली, "अम्मा, फूँकना नहीं, खींचना है."

मग आमच्या चिरंजीवांनी हातात घेतलं आणि एका झटक्यात तिन्ही चेंडू टक टक टक वर. कप्प्यांवर ६००, ९००, १२०० लिहिलेलं, त्यामुळे लगेच जाहीर केलं की माझी कपॅसिटी बाराशे. मलाही पटलंच होतं, पण चष्मा लावून वाचलं तर पुढे बारीक अक्षरात सीसी (म्हणजेच मिली) पर सेकंद. म्हणजे ही नळाची धार, बादली नव्हेच! धार कितीही जोरात असली तरी अर्ध्या सेकंदात नळ बंद केला तर भरणार किती, जेमतेम ६०० मिली.

एरवी आपण बसल्या बसल्या एका श्वासात साधारण ५०० मिली हवा घेतो, म्हणजे दुधाची छोटी थैली, आणि त्यातलीही दीडशेक मिली श्वासनलिकेतूनच परत फिरते, फुफ्फुसाच्या कामाला लागतच नाही. पूर्ण छाती भरली तर पुरुषाची सहाएक लिटर, बाईची चारच्या थोडं वर. आणि कितीही जोर लावून बाहेर सोडली तरी लिटरभर आत उरतेच. म्हातारपणी तर ही उरलेली वाढत जाते, कारण फुफ्फुसाचं इलॅस्टिक सैल पडतं, त्यामुळे जागा तेवढीच पण नव्या हवेला मिळते कमी.

१८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरने पाण्यात उपडं भांडं ठेवून माणसांचे श्वास मोजले, आणि माणूस जितका उंच तितकी हवा जास्त असं त्याला दिसलं. आई जेमतेम पाच फूट. या हिशोबात ती पहिल्याच फेरीत बाद.

पण आईने ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या घरी पस्तीस वर्षं गाणं शिकवलंय (ग्वाल्हेरात राहून दुसरं काय करणार म्हणा!). मुलींना सांगायची, श्वास महिनाअखेरच्या तुपासारखा वापरा, पुरवून पुरवून. काल तिने नळी तोंडात धरली, पहिला चेंडू हळूच वर गेला आणि तिथेच थांबला, दुसरा तळाशी नुसता थरथरत होता. तीन सेकंद. ६०० गुणिले तीन, अठराशे! मी आपली मनात गुणाकार करतेय, आणि शेजारी चिरंजीव जोरजोरात मोजतायत, एकदोनतीनचारपाच.

चेंडू खाली आला. आईने नळी काढली, दम घेतला आणि नातवाकडे बघून म्हणाली, "लय धावतेय तुझी."