स्लाइममध्ये टाकणखार घालता का? तुम्ही विचारलंत म्हणून

लिफ्टमध्ये, शाळेच्या गेटवर, आणि एकदा तर चक्क एका बारशात पाळण्यापाशी उभं असताना मला हे विचारलंय लोकांनी: "तुमच्याकडे मुलं घरी स्लाइम करतात ना, मग त्यात तो टाकणखार घालता का हो? आणि आमचं का जमत नाही?"

स्लाइम म्हणजे तो गोंदाचा ताणला जाणारा बुळबुळीत गोळा, आणि टाकणखार म्हणजे बोरॅक्स. हो, घालते. थोडाच, पाण्यात विरघळवून, आणि ते पाणी माझ्याच हातात असतं, मुलांच्या नाही.

आता जमत का नाही ते. आमच्याकडे थोरली आठ वर्षांची, धाकटा चार, डोंबिवलीतला टू बीएचके आणि मे महिन्यातली दुपार, म्हणजे काय अवस्था असते ते सांगायला नको. बाल्कनीत जुनं रेक्झिन अंथरायचं, आइस्क्रीमचे रिकामे डबे घ्यायचे, ऐन पाहुण्यांच्या वाट्या नाही. पांढऱ्या फेविकॉलची १०० ग्रॅमची बाटली दोन डब्यांत अर्धी अर्धी, तेवढंच पाणी, आणि खायचा रंग दोन थेंब. दोनच. मुलं "अजून अजून" करतात आणि आपण ऐकतो आणि मग तीन दिवस पोराचे हात निळे, बाई विचारतात शाईत बुडवलं का याला. वेगळ्या कपात कोमट पाणी, त्यात एक सपाट चमचा टाकणखार, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचा, खडे राहिले तर ते नंतर हाताला टोचतात. मग ते पाणी एकेक चमचा करून गोंदात.

सगळी गंमत इथेच आहे आणि सगळ्यांचं बिघडतं पण इथेच. पहिल्या चमच्याला काही होत नाही, दुसऱ्याला तंतू दिसायला लागतात, भेंडी चिरताना सुटतात तसे, आणि मग एकदम ते डब्याच्या कडा सोडायला लागतं. नारळाच्या वड्या केल्या असतील तुम्ही, मिश्रण कढईच्या कडा सोडून गोळा फिरायला लागतो ना, अगदी तस्सं. तिथे हात थांबवायचा! चिकट वाटतं म्हणून लोक अजून दोन चमचे ओततात आणि मग त्याचं होतं रबर, ताणलं की तुटतं. चिकट असू दे, बाहेर काढून कणकेसारखं चार मिनिटं मळा, आपोआप सुटतं हाताला. तरी झालंच रबर तर थोडं कोमट पाणी लावून मळायचं, बऱ्यापैकी सुधारतं.

थोरलीने विचारलं हे होतं कसं, तर मी तिला शिवणाच्या भाषेत सांगितलं. गोंदात लांबच लांब धागे असतात, एकमेकांवरून सुळकन घसरणारे, म्हणून तो वाहतो. टाकणखार त्या धाग्यांना मधेमधे टाके घालतो, पण कच्चे टाके, सुटणारे आणि परत पडणारे, म्हणून सावकाश ओढलं की लांबतं आणि हिसका दिला की तुटतं. सोनार डाग देताना टाकणखारच वापरतो, म्हणजे जोडायचं काम याचं पहिल्यापासूनचं आहे (तिथली रीत वेगळी, पण मला हे सांगायला आवडतं). आणि १९७६ मध्ये मॅटेल कंपनीने अमेरिकेत जे पहिलं हिरवं स्लाइम खेळणं म्हणून आणलं, छोट्याशा प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात भरून, त्यात गोंद नव्हताच, गवारीच्या बियांचा डिंक होता. हे ऐकून आमच्या बाईसाहेब म्हणाल्या बघ मी म्हणत होते ना गवारीची भाजी शेंबडासारखी लागते. सांगून चूक केली.

बरं, एकदा पिवळा रंग संपला. हट्ट पिवळ्याचाच. मी म्हटलं हळद घालू, सुंदर पिवळाधमक झाला गोंद, आणि टाकणखाराचं पाणी पडलं तसा डोळ्यांसमोर तांबडा लाल व्हायला लागला. दोघं किंचाळली. आतून सासूबाई आल्या, वाकून बघितलं, म्हणाल्या, "अगं हे कुंकू झालंय! हळकुंडांना टाकणखार आणि लिंबाचा रस लावूनच करायचे की कुंकू." आमच्या लक्षातच आलं नव्हतं. टाकणखाराचं पाणी अल्कधर्मी, त्यात हळद तांबडी होते, पांढऱ्या शर्टावरचा वरणाचा डाग साबण लागला की लाल होतो तोच प्रकार.

पण लिंबू म्हटल्यावर थोरली गप्प बसते होय. फ्रिजमधून अर्धं लिंबू आणून पिळलं वर, अजून लाल होईल म्हणून. झालं भलतंच. परत पिवळं पडलं आणि गोळ्याचं चक्क पाणी पाणी, डब्यात हळदीचा गोंद. रडारड. पण मला त्यातून एक कायमची युक्ती मिळाली, आंबट लागलं की ते टाके उसवतात. तेव्हापासून सोफ्याला, पडद्याला, एकदा तर भाचीच्या केसांना लागलं होतं, तिथे साधं पांढरं व्हिनेगर, पाच मिनिटं ठेवायचं आणि मग धुवायचं. कात्री आणायची गरज नाही.

टाकणखार नकोच म्हणणाऱ्यांसाठी कॉन्टॅक्ट लेन्सचं सोल्यूशन आणि अर्धा चमचा खायचा सोडा असा एक प्रकार आहे. मी पहिल्यांदा आणलं ते ओतत बसले, अर्धी बाटली संपली, गोंद ढिम्म हलेना. मग चष्मा लावून बाटलीवरचं बारीक वाचलं तेव्हा कळलं की त्यात बोरिक ॲसिड नव्हतंच. ते असलेलंच लागतं, नाहीतर काही होत नाही. आणि हो, म्हणजे "बोरॅक्स-फ्री" म्हणून जे मिरवतात त्यातही बोरॉन, म्हणजे टाकणखारात आणि बोरिक ॲसिडमध्ये दोन्हीकडे असणारं मूलद्रव्य, असतंच, फक्त मागच्या दाराने येतं. मला तो दांभिकपणा वाटतो थोडा.

भीतीचं विचाराल तर ती अगदीच खोटी नाही. टोरंटोच्या नणंदेने मला कळवलं होतं की तिकडच्या सरकारी आरोग्य खात्याने २०१६ मध्येच सांगितलंय, मुलांसाठी घरी स्लाइम करताना बोरॅक्स वापरू नका, कारण बोरिक ॲसिड आधीच खाण्यापाण्यातून थोडं पोटात जातं, त्यात भर नको. तिचं तिच्या जागी बरोबर आहे. मी पूर्ण बंद नाही केलं पण नियम केले. कोरडी पावडर मुलांसमोर उघडायची नाही, हाताला जखम असेल तर त्या दिवशी खेळ नाही, खेळून झालं की साबणाने हात आणि मगच खाऊ. आणि जे मूल अजून सगळं तोंडात घालतं त्याला स्लाइम अजिबात नाही.

धाकट्याला म्हणूनच मी वेगळं देते, दोन वाट्या कॉर्नफ्लॉवर, एक वाटी पाणी, बस. बुक्की मारली की दगड आणि हळूच बोट घातलं की आत जातं. तो तासभर नुसता बुक्क्या मारतो. खरं सांगू का, मलाही तेच जास्त आवडतं, पण थोरलीसमोर बोलायची सोय नाही.

टिकतं किती? घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस, पावसाळ्यात त्याच्या आधीच वास मारतं. मग टाकायचं, बेसिनमध्ये नाही, कचऱ्यात, आणि तेही सुक्या. ओल्यात टाकलं तर आमच्या कचरेवाल्या मावशी डबा तसाच दारात ठेवून जातात.