यादीत नसलेला सम्राट

जपानच्या सम्राटांची अधिकृत यादी सध्याचे सम्राट नारुहितो यांच्यापाशी 126 वर येते. त्या यादीत कोगोनचं नाव नाही. 1331 मध्ये तो गादीवर बसला, पुढे पंधरा वर्षं दरबाराचा कारभारही त्याने पाहिला, आणि आजचं राजघराणं थेट त्याच्या वंशातलं आहे. तरीही नाही. हे वाचल्यापासून मनात सलत होतं. म्हणून यंदा हिवाळ्याच्या तोंडाला क्योतोला गेले ती मुख्यतः त्याची समाधी बघायला.

शहरातल्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. जिकडेतिकडे रांगा, आणि प्रत्येक बागेत फोटोसाठी ताटकळलेली माणसं. मला गर्दीचा मनापासून त्रास होतो. देवळात शिरल्यावर दोन मिनिटंही शांत उभं राहता येत नसेल, तर मी तिथे का आले हेच कळेनासं होतं.

क्योतो स्टेशनवरून शूझानला जाणारी जेआर या रेल्वे कंपनीची बस पकडली. दीडेक तासाचा रस्ता. ताकाओपर्यंत बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तिथे लाल पानं बघणारे उतरले आणि मागे उरलो मी, दोन आजीबाई आणि ड्रायव्हर. पुढे घाट लागतो आणि दोन्ही बाजूंना कितायामाच्या सीडरचे डोंगर सुरू होतात. खोडाला गाठी पडू नयेत म्हणून खालच्या फांद्या वर्षानुवर्षं छाटत नेतात, त्यामुळे झाड म्हणजे सरळसोट खांब आणि शेंड्याला हिरवा झुबका. साल काढून गुळगुळीत केलेली ही खोडं चहाघरांच्या खांबांसाठी जातात. हा सगळा मुलूख शतकानुशतकं राजधानीला लाकूड पुरवत आला. ओंडक्यांचे तराफे बांधून नदीतून खाली सोडायचे, ते थेट आराशियामापर्यंत.

शूझानला बस बदलावी लागते. छोटी गावबस, आणि दिवसाला फेऱ्या मोजक्याच. मी चढले तेव्हा ड्रायव्हरकाकांनी पहिला प्रश्न केला, "परतीची बस बघून ठेवली आहे ना?" वेळापत्रकाचा कागद काढून त्यांनी परतीच्या वेळेवर पेनाने गोल केला आणि मगच गाडी हलवली. यामागुनी गोर्योमाए, म्हणजे 'यामागुनी राजसमाधीसमोर' या थांब्यावर उतरणारी मी एकटीच होते. समोर भातकापणी झालेली शेतं, मागे डोंगर, त्याच्या पायथ्याशी जोशोकोजी हे झेन पंथाचं देऊळ. कोगोननेच ते 1362 मध्ये स्थापलं.

आत बूट काढून मोज्यांवर चालावं लागतं आणि डिसेंबरात त्या लाकडी फळ्या इतक्या गार असतात की थोड्या वेळाने पाऊल टेकल्याचंही समजत नाही. दानपेटीत पैसे टाकले. हटकायला कुणी नव्हतं आणि आत मी सोडून दुसरं माणूस नव्हतं. मुख्य दालनाच्या ओसरीवर बसले. समोर चढत जाणारा डोंगर, मधे छोटीशी बाग आणि राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून जपलेलं कोकोनोए चेरीचं म्हातारं झाड, टेकू दिलेलं, पूर्ण निष्पर्ण. क्योतोत दिवसभर जे मागत होते ते इथे फुकट मिळालं आणि मी बराच वेळ तिथून हललेच नाही.

या माणसाच्या आयुष्याची सुरुवातच भाऊबंदकीतून झाली. तेराव्या शतकात गो-सागा सम्राटाच्या दोन मुलांपासून घराण्याला दोन फाटे फुटले, आणि कधी या शाखेचा, कधी त्या शाखेचा सम्राट अशी वाटणी कामाकुराच्या शोगुनांच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या, देखरेखीखाली चालू राहिली. धाकट्या शाखेच्या गो-दाइगोला ही वाटणीही नको होती आणि शोगुनही नको होते. 1331 मध्ये त्याचा कट उघडकीला आला, तो कासागीच्या डोंगरावर पळाला, आणि शोगुनांनी थोरल्या शाखेच्या कोगोनला गादीवर बसवलं. वय अठरा. गो-दाइगोची रवानगी ओकी बेटावर झाली.

दोन वर्षांत सगळं उलटं झालं. गो-दाइगो बेटावरून निसटला. त्याच्या माणसांवर पाठवलेला सरदार आशिकागा ताकाउजी ऐन वेळी फिरला आणि त्याने क्योतोतल्या शोगुनांच्या ठाण्यावरच हल्ला केला. ठाण्याचा प्रमुख होजो नाकातोकी कोगोनला आणि दोन निवृत्त सम्राटांना घेऊन रातोरात पूर्वेकडे निघाला. जुन्या युद्धकथा सांगतात, की वाटेत अंधारातून आलेला बाण कोगोनच्या हाताला लागला. बानबा गावाजवळ पुढची वाट अडलेली आहे हे कळलं, तेव्हा तिथल्या रेंगेजी देवळाच्या आवारात नाकातोकीने आणि त्याच्या चारशेहून जास्त माणसांनी पोटात तलवारी खुपसून जीव दिला. आदल्याच आठवड्यात मी बानबाला जाऊन आले होते. देवळामागच्या झाडीत लहान लहान दगडी स्तूप ओळीने उभे आहेत, गुडघ्याएवढेसुद्धा नसतील, आणि ते संपतच नाहीत. हे सगळं ज्याच्यासमोर घडलं त्याला अजून विसावं वर्षही पूर्ण झालेलं नव्हतं. मला तिथे धड उभंही राहवलं नव्हतं, आणि मी तर फक्त दगड बघत होते.

त्याला पकडून क्योतोला परत आणलं. गो-दाइगोने जाहीर केलं, की कोगोन कधी सम्राट झालाच नव्हता; हवा तर निवृत्त सम्राटाचा मान घ्यावा. तीनच वर्षांत ताकाउजीचं गो-दाइगोशीही फाटलं. हरून क्यूशू बेटाकडे पळताना त्याला बंडखोर हा शिक्का पुसायचा होता, त्यासाठी राजाज्ञा हवी होती, आणि ती त्याने मागवली कोगोनकडून. ज्याने याची गादी घालवली तोच आता याच्या शिक्क्यासाठी दारात उभा! कोगोनने आज्ञा दिली. ताकाउजी जिंकून परतला, कोगोनचा धाकटा भाऊ कोम्यो सम्राट झाला, गो-दाइगो योशिनोच्या डोंगरात गेला आणि 1392 पर्यंत जपानात दोन दरबार राहिले, एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा.

पुढची पंधरा वर्षं निवृत्त सम्राट म्हणून कोगोनने कारभार केला; गादीवर नाव एकाचं आणि कारभार निवृत्त सम्राटाचा, अशी तेव्हाची रीत होती. मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या काळामुळे. लष्कर आशिकागांच्या हातात, तिजोरी रिकामी, आणि हा जमिनीच्या तंट्यांच्या सुनावण्या लावतोय, त्यासाठी 1340 मध्ये नियम घालून देतोय. 1342 मध्ये तोकी योरितो नावाच्या दारू प्यायलेल्या सरदाराने भर रस्त्यात त्याच्या गाडीवर बाण सोडले. आशिकागांनी त्या सरदाराचं डोकं उडवलं खरं, पण राजाची पत काय उरली होती ते सगळ्या शहराला दिसलं. त्याच वर्षांत त्याने 'फूगा वाकाशू' हा दरबारी कवितासंग्रह काका हानाझोनो यांच्या देखरेखीखाली स्वतः संपादित केला. त्याच्या स्वतःच्या कवितांत दिव्यावरच्या काही आहेत. एकीत तो म्हणतो, की मी दिव्याकडे तोंड करून बसलेलो नाही, दिवाही माझ्याकडे नाही, जो तो आपापल्या जागी. दुसरीत रात्र चढली आहे, खिडकीशी दिवा आहे, ज्योत निश्चल आणि मीही निश्चल. बाहेर लढाया चालू असताना हा माणूस रात्री दिव्यासमोर असा बसायचा. मी या कविता छापील पानावर कितीदा वाचल्या असतील, पण त्या गार ओसरीवर त्या वेगळ्याच लागल्या.

मग आशिकागांच्या घरातच भांडणं पेटली. भावाविरुद्ध लढायला मोकळं व्हावं म्हणून ताकाउजीने 1351 मध्ये दक्षिण दरबाराशी तह केला आणि उत्तरेचा दरबार वाऱ्यावर सोडला. तह टिकला नाही. 1352 मध्ये दक्षिणेच्या फौजा क्योतोत शिरल्या आणि माघार घेताना कोगोन, त्याचा भाऊ, मुलगा सुको आणि युवराज अशा चौघांना ओलीस घेऊन गेल्या. आनोच्या डोंगरात असताना कोगोनने डोकं भादरून संन्यास घेतला. तिथून कावाचीच्या कोंगोजी देवळात; तिथे काही काळ कैदी आणि त्याला कैद करणारा दक्षिणेचा सम्राट एकाच आवारात राहत होते. इकडे क्योतोत ताकाउजीच्या माणसांनी कोगोनच्या दुसऱ्या मुलाला राजचिन्हांवाचून गादीवर बसवलं आणि आज्ञा द्यायला घरात कर्ता पुरुष उरला नाही म्हणून आजीला पुढे केलं. कोगोन सुटून आला तो 1357 मध्ये. आल्यावर त्याने राजकारणाला हातही लावला नाही. काही वर्षांनी या डोंगरात आला आणि 1364 मध्ये इथेच गेला.

समाधी देवळामागच्या टेकडीवर आहे. दगडी पायऱ्या, त्यावर ओलं शेवाळ. वर राजपरिवार खात्याची ती ठरलेली पाटी, जपानभर सगळ्या राजसमाध्यांवर असते तशीच. वर नाव, 'कोगोन तेन्नो (सम्राट), यामागुनी समाधी'. खाली तीन सूचना: विनाकारण आवारात शिरू नये, मासे, पाखरं धरू नयेत, बांबू, झाडं तोडू नयेत. कठडा, बंद फाटक आणि पलीकडे झाडीत गोल उंचवटा.

कोगोनने मृत्युपत्र लिहून ठेवलं होतं. माझे अंत्यविधी थाटाने करू नका, मोठं थडगं बांधू नका. मातीवर पाइन, सायप्रस आपोआप उगवले, वारा आणि ढग अधूनमधून येऊन गेले, तर तेच माझे आवडते पाहुणे. डोंगरातल्या माणसांनी, गावच्या पोरांनी खेळता खेळता वीतभर उंचीचा स्तूप रचला, तर त्यांनाही अडवू नका. ते आठवत मी पुन्हा पाटी वाचली. झाडं तोडू नयेत. साडेसहाशे वर्षांनी सरकारी खात्याने, मनात नसताना का होईना, त्याचं म्हणणं पाळलं होतं. मला तिथे रडू आलं.

त्याच आवारात आणखी एक समाधी आहे, गो-हानाझोनो सम्राटाची. हा कोगोनच्या नातवाचा नातू, आणि अधिकृत यादीत 102 वा. पणतू-खापरपणतूला क्रमांक आहे, मूळ पुरुषाला नाही. हे झालं 1911 मध्ये. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात दोन्ही दरबार बरोबरीने दिले म्हणून संसदेत आणि वर्तमानपत्रांत गदारोळ उठला, पुस्तकाचं काम पाहणारे इतिहासकार किता सादाकिची यांना निलंबित केलं गेलं, आणि दक्षिणेचा दरबारच खरा असं ठरलं. ठरवणारे मेइजी सम्राट स्वतः उत्तरेच्या शाखेतले होते. यादीत कुणी आधी, कुणी नंतर यावर वाद होऊ शकतो हे मला मान्य आहे. पण ज्याची आयुष्यभर फरफट झाली त्या माणसाचंच नाव पाठ्यपुस्तकाच्या एका ओळीसाठी गाळायचं, हा अन्याय आहे आणि तो आजवर कुणी दुरुस्त केलेला नाही.

परतीची बस यायला खूप अवकाश होता. थांब्यावर बसायला बाक होता, पण थंडी इतकी की शेवटी शूझानच्या दिशेने चालायला लागले. मागून आलेल्या बसने हात दाखवल्यावर घेतलं. काका तेच. शूझानला एका दुकानात नात्तो-मोची खाल्ली. तांदळाची चिकट पोळी, आत आंबवलेले सोयाबीन, वर भाजक्या सोयाबीनचं पीठ. नात्तोचा वास मला कधीच आवडला नाही, पण भुकेपोटी सगळी संपवली. दुकानातल्या बाईंनी आपणहून गरम चहा आणून दिला आणि सांगितलं, की पेंढ्यात बांधलेले नात्तो इथे कोगोनच्या काळापासून आहेत, गावकऱ्यांनी त्याला दिलेल्या शेंगदाण्यातून ते झाले, आणि नववर्षाला घरोघरी ही मोची होते. "शेंगदाणे?" मी विचारलं. "छे, सोयाबीन," त्या हसल्या आणि आणखी एक मोची माझ्या ताटलीत ठेवली.

जायचं असेल तर सकाळची पहिली बस धरा, डबा बरोबर ठेवा. एप्रिलच्या उत्तरार्धात कोकोनोए चेरी फुलते तेव्हा इथेही गाड्या येतात. स्टेशनवर मिळालेल्या माहितीपत्रकात त्या झाडावर मोठा परिच्छेद आहे आणि कोगोनवर अर्धी ओळ. झाड बघून परत फिरणाऱ्या सगळ्यांना हाताला धरून त्या पायऱ्यांवर न्यावंसं वाटतं.