उद्याची ड्युटी

श्रावण वद्य तृतीया, रत्नागिरी. रात्री साडेदहा.

उद्या सकाळी आठला जायचं की दुपारी दोनला, अजून कळलेलं नाही. हॉस्पिटलच्या ग्रुपवर ड्युटीची लिस्ट आलेली नाही. हे मिरजोळ्याला मासळीच्या कंपनीत आहेत. संध्याकाळी यायचे होते, पण माल उशिरा आला आणि फोन आला, "आज थांबावं लागेल." लेक झोपताना विचारत होती, शाळेत कोण सोडणार? तिला उत्तर हवं होतं आणि माझ्याकडे नव्हतं.

नाईट मला नवी नाही. नर्सिंगमध्ये आलेली प्रत्येक मुलगी ते धरूनच येते. नाईट आधी ठरलेली असली की घर तिच्याभोवती बसवता येतं. भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवते, शेजारच्या काकूंना सांगून ठेवते, दुपारी पडदा ओढून पडते. माणूस खचतो तो ऐनवेळच्या फोनने. पुढच्या पाळीची रिलीव्हर आली नाही, थांबा. उद्याची सुट्टी रद्द, या. असं होत राहिलं की सुट्टीच्या दिवशीही कान फोनकडेच असतात. ही वाट बघणं पगारात धरलं जात नाही, पण तेही कामच आहे असं मी मानते.

शरीराचं घड्याळ मुख्यतः उजेडावर चालतं. ते पेशींच्या आत कसं चालतं हे फळमाशीवर शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. पहाटे उठायच्या सुमाराला कॉर्टिसोल हे हार्मोन वाढतं, रात्री उतरतं. एकाच पाळीत काही दिवस राहिलं तर शरीर थोडंफार जुळवून घेतं. आज सकाळ, परवा रात्र, मध्येच डबल ड्युटी असं चाललं की त्याला तेवढी सवडच मिळत नाही. झोप तुटते, पित्त उसळतं आणि राग लेकरावर निघतो. हे मी वॉर्डातल्या किती जणींच्या तोंडून ऐकलंय.

मिरकरवाडा बंदराकडच्या कोळी माणसांना अनियमित वेळा आपल्यापेक्षा जास्त माहीत. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या सुमाराला भांग म्हणजे लहान भरती. म्हणजे वेळ रोज वेगळी, तरी तिथी माहीत असली की पुढच्या आठवड्यातली भरतीसुद्धा सांगता येते, आणि त्यावर घरातली बाई आपला दिवस लावते. आमची लिस्ट रोज बदलली तरी चालेल, पण ती अशी आधी कळावी, एवढंच मागणं आहे.

यांचं काम खरंच मालावर आहे. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली की कोळंबी, माकुळ येईल तसं हातावेगळं करावं लागतं. बर्फातला माल थांबत नाही, हे मला पटतं. पण बोट बंदराला लागायच्या आधीच तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा, फोन आलेला असतो. ती खबर कामगारापर्यंत दुपारीच पोचली तर घरी दोन गोष्टी ठरवता येतील. कामाचे तास आधी लिहून लावायचं बंधन कारखान्यांवर १९४८ च्या कायद्यानेच घातलं होतं. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. आमच्यासारखं छोटं हॉस्पिटल त्या आकड्याच्या खालीच राहतं आणि गल्लीतल्या पाळणाघराला सातला कुलूप लागतं. मग काकू. त्यांचे गुडघे दुखतात, तरी नाही म्हणत नाहीत, आणि त्याचंच ओझं मनावर जास्त येतं.

आता गणपती तोंडावर आलेत. सगळ्यांनाच सुट्टी हवी, चाकरमानी येणार, ज्यांची मुलं लहान त्यांची कुचंबणा ठरलेली. त्याआधीच बोलायचं ठरवलंय. आम्ही चौघीजणी मिळून मेट्रनबाईंना अर्ज देणार आहोत: लिस्ट निदान आठवडाभर आधी लावा, आपापसात ड्युटी बदलायची मुभा द्या, आणि नाईटनंतरच्या दिवशी कुणाला बोलावू नका. पहिल्या दोन मागण्यांना पैसा लागत नाही. तिसरीला एक माणूस जास्त लागेल, तेही अर्जात स्पष्ट लिहिलंय. मेट्रनबाईंची स्वतःची मुलं याच नोकरीत वाढली, त्या वाचतील. सह्या झाल्या आहेत, एकीची राहिली आहे, ती आज नाईटला आहे.