१२.०५ की १२.५?

सोमवार, रात्री साडेनऊ

काल वेचणीचा कापूस मोजताना मी काट्यावरचा आकडा मोठ्याने सांगत होतो आणि सहावीतला माझा मुलगा तो वहीत टिपत होता. एका गाठोड्याला मी ‘बारा पॉइंट पाच’ म्हटले आणि त्याने १२.०५ लिहिले. चुकारा करताना मी वहीतून ‘बारा किलो पन्नास ग्रॅम’ असे वाचले, तेव्हा जिला अक्षरओळखही नाही अशी ती बाई म्हणाली, “साडेबारा होते न गुरुजी, मी काट्याजवळच उभी होती.” मजुरी किलोला दहा रुपये, म्हणजे एका शून्यापायी तिचे साडेचार रुपये बुडाले असते. गावाला गणित शिकवणाऱ्या माणसाच्या अंगणात हे घडावे, याची मला रात्रभर लाज वाटत राहिली.

मुलाला कारण विचारले, तर त्याचे उत्तर अगदीच वेडगळ नव्हते. पाच पैसे आपण ०.०५ असे लिहितो, मग वजनातले पाच वेगळे कसे, असे तो म्हणाला. रुपयाचे शंभर पैसे होतात म्हणून तेथे चिन्हापुढची दोन घरे नेहमी भरलेली असतात, आणि त्या सवयीने मुले चिन्हापुढचा आकडा स्वतंत्र पूर्ण संख्या असल्यासारखा वाचतात. आज वर्गात ३.५ आणि ३.२५ यांतील मोठी संख्या विचारली, तेव्हा बहुतेकांनी ३.२५ सांगितली, कारण पंचवीस पाचापेक्षा मोठे. “आणि शून्याले तं काई किंमतच नसते न सर,” अशी मागच्या बाकावरून पुस्ती आली.

फळ्यावर दशांश, शतांश, सहस्रांश असे रकाने मी दरवर्षी आखतो. आज त्यांच्या खाली किलोचा हिशेब मांडला. चिन्हापुढचे पहिले घर शंभर-शंभर ग्रॅमचे, दुसरे दहा-दहाचे, तिसरे एकेका ग्रॅमचे. त्यामुळे १२.५ मधील पाच हे पाचशे ग्रॅम ठरतात, आणि शून्याने त्यांना एक घर उजवीकडे सरकवले की त्याच पाचांचे पन्नासच ग्रॅम उरतात. १२.५० मधील शेवटचे शून्य मात्र कोणालाच हलवत नाही, म्हणून वजन तेवढेच राहते.

एका मुलीने सातबाऱ्यावरच्या १.६२.०० या आकड्यात दोन ठिपके कसे, असे विचारले. प्रश्न मला फार आवडला. तेथे हेक्टर, आर आणि चौरस मीटर शेजारी शेजारी लिहिलेले असतात. शंभर आरांचा हेक्टर होत असल्याने १.६२ हेक्टर असे वाचले तरी बिघडत नाही. परंतु एक एकर वीस गुंठे कोणी १.२० असे टिपले, तर तो ठिपका दशांश चिन्ह नव्हेच, कारण एकराचे गुंठे चाळीस आणि ती जमीन दीड एकर भरते. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते, तेव्हा आण्यांचीही हीच गत असणार.

बाईंचे राहिलेले पैसे सकाळीच पोहोचवले. पुढच्या वेचणीला ‘पॉइंट’ म्हणायचे नाही, सरळ ‘साडेबारा’ म्हणायचे, असे मी ठरवले होते. पण काट्यावर १२.३५ आले तर सव्वा आणि साडे दोन्ही कामाचे नाहीत, तेव्हा ‘बारा किलो तीनशे पन्नास’ असेच सांगावे लागेल.